श्वास घेणारी सीट

४ फेब्रुवारी

बारके,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. विसरलो नाही, मुद्दाम लिहिला नाही.

एकतीस वर्षांनी दादाचं पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय, हो की नाही. तो दातांचा डॉक्टर तू पाठवलास का?

परवा सकाळी मी वर्कशॉपचं शटर निम्मंच वर केलं होतं, तर हा वाकून आत आला. इस्त्रीचा शर्ट, स्वच्छ नखं. अशा नखांचा माणूस माझ्याकडे येतो तो गाडी ठोकून तरी येतो, नाहीतर चौकशी करायला. म्हणाला, "मिस्त्रीकाका, घार तुम्हीच बनवली ना?" मी म्हटलं, "कोण म्हणतं?" त्यानं खिशातून फोटो काढला आणि माझ्या बाकावर, पान्यांच्या मधोमध ठेवला.

घारच होती. कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्री अर्धी ओढलेली, चारही टायर बसलेले. जिच्यासाठी पोरं रविवारी खेळ अर्धा टाकून टीव्हीपुढे पळायची, ती अशी धूळ खात पडलेली. मला बरं वाटलं नाही, पण तोंडावर दाखवलं नाही.

डॉक्टरनं ती लिलावात घेतली म्हणे. जुन्या टीव्ही मालिकांच्या वस्तूंचं एक संग्रहालय निघतंय, तिथे ठेवायची आहे. अडचण अशी की आपलीच घार खरी असं म्हणणारे आणखी तिघे निघालेत. म्हणून संग्रहालयाला दाखला हवाय, ज्यानं गाडी बनवली त्याच्या हातचा, पुराव्यासकट. मी खरी म्हटलं तर ती काचेच्या घरात जाईल. खोटी म्हटलं तर डॉक्टर ती भंगारात देणार.

आता तू म्हणशील, यात संशय घेण्यासारखं काय आहे? सांगतो. जाता जाता तो म्हणाला, "काका, आतून उघडून बघाल ना? अगदी सगळी?" याला आतलं काय बघायचंय? आणि माझ्याच हातून का? कुठंतरी पाणी मुरतंय. ती गाडी पुन्हा उघडली जावी असं वाटणारं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे, आणि त्यानं एकतीस वर्षांपूर्वी एक बॅग उचलून माझं घर सोडलं.

तुझा पत्ता माझ्याकडे नव्हता. वहिनीला म्हटलं शोध, तर दहा मिनिटांत चिठ्ठीवर लिहून दिला, घरनंबरासकट. कुठून मिळाला विचारलं तर म्हणे, "मिळाला." माझ्या गुडघ्यांना पोस्टाचा जिना झेपत नाही, त्यामुळे हे पत्र तीच टाकेल.

हो की नाही तेवढं कळव. जास्त लिहू नकोस.

दादा

११ फेब्रुवारी

बारके,

आठवडा झाला, तुझं उत्तर नाही. "नाही" म्हणायला एक कार्ड पुरतं. तेव्हा तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ मी माझा काढलेला आहे.

घार आली. क्रेनवरून उतरवली तेव्हा हिरवा रंग जागोजाग उडून खालचा लाल प्रायमर दिसत होता. मी चारी बाजूंनी फिरलो, हात लावला नाही. मग बॅटरी जोडली आणि डोळ्यांचं बटण दाबलं. दिव्याची उजवी पापणी उघडली. डावी नाही. मी मनात एक म्हटलं, आणि मग डावी उघडली.

आठवतं ना? पापण्यांना वायपरच्या मोटरी लावल्या होत्या, एक ट्रकची आणि एक छोट्या गाडीची, कारण सारख्या दोन मिळाल्याच नाहीत. दिग्दर्शक माझ्यावर उखडला होता, म्हणे गाडी तिरळी दिसते. आणि पोरांना वाटलं घार डोळा मारते! पुढे दोन वर्षं दिसेल ते पोर एक डोळा उशिरा उघडत होतं. माझं आयुष्यात सगळ्यात नाव झालेलं काम म्हणजे एक चूक.

वहिनी दारात उभी होती. हसली, मग डोळे पुसत आत गेली. गाडी बघून बाईनं रडायचं कारण मला कळलेलं नाही. तिच्यावरही माझं लक्ष आहे.

पण डोळे हा काही पुरावा नव्हे. ते घरोघरी पाहिलेत. त्या तिघा खोटारड्यांनीही डावा डोळा उशिराच उघडायला लावला असेल. हे मी डॉक्टरला बोललो, तर तो पटकन म्हणतो, "मग सीट बघा ना, काका. त्या सीटमध्ये कोण बसायचं?"

माझ्या हातातला पाना खाली पडला.

सीटची गोष्ट सहा जणांना ठाऊक होती आणि मालिका काढणाऱ्या कंपनीनं सहाही जणांकडून तोंड न उघडण्याच्या सह्या घेतल्या होत्या. दिग्दर्शक वारला. शिट्टीवाला, म्हणजे आपला हिरो, सांगणार नाही, कारण आपण शिट्टी वाजवली की गाडी खरंच येते असं शेवटी शेवटी त्याला स्वतःलाच वाटायला लागलं होतं. चार वर्षं टीव्हीवर गाडी हाकली गड्यानं आणि त्याला सायकल येत नव्हती. दिवेवाला लंगडत कुठे गेला, मला माहीत नाही. उरलो मी, वहिनी आणि तू. मी बोललो नाही. वहिनीच्या पोटातली गोष्ट तर मलाही कधी काढता आलेली नाही. म्हणजे तू.

ती पोकळ सीट बनवायला मला अठरा दिवस लागले होते. आत स्टुलाएवढी जागा, तुझ्या अंगावरून सीटचंच कव्हर, डोक्याच्या जागी काळी जाळी, हात काढायला बाजूला फटी, कव्हराच्या रंगाचे हातमोजे, आणि चाक खालून धरायचं. तू फार मागे बसायचीस म्हणून पेडलांना वीतभर लोखंडी दांडे जोडले होते. बाहेरून बघणाऱ्याला गाडी रिकामी. शिट्टी वाजली की रिकामी गाडी झोकात वळून यायची आणि हिरोच्या बुटापाशी थांबायची. दिग्दर्शक म्हणायचा, दोन हातांवर थांबली तरी चालेल. तू हट्टानं एका वितीवर थांबवायचीस. मला तेव्हा त्याचा फार अभिमान होता. आज लिहून टाकतो, पण त्याचा अर्थ भलता काढू नकोस.

तर हे सगळं तू डॉक्टरला सांगितलंस. कशासाठी, तेही मला कळतं. त्याच्याकडून सीट उघडवायची आणि मग जगाला ओरडून सांगायचं, बघा, ब्रेकच खराब होते. ऐक तर. ब्रेक शाबूत होते. परवा मी सगळ्यात आधी तेच तपासले. एकतीस वर्षांनी तेल आटलंय, नळ्या वाळल्यात, पण काम चोख आहे.

दादा

२० फेब्रुवारी

बारके,

काल डॉक्टरला समोर बसवलं, चहा दिला आणि सरळ विचारलं, "सीटमध्ये कोणी होतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तो लाजला. चाळिशीचा माणूस, लोकांच्या जबड्यात हात घालणारा, आणि लाजला. म्हणाला, "काका, मी नऊ वर्षांचा होतो. एका भागात घार गल्लीत उभी असते आणि कॅमेरा बराच वेळ आत रोखलेला असतो. मला दिसलं की सीट श्वास घेतेय. हळूच वर, हळूच खाली. मी घरात सगळ्यांना सांगितलं. बाबा मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मला चष्मा लागला."

"मग?"

"मग काय, चष्मा लावून पुढचा भाग पाहिला. तेव्हा तर आणखीच नीट दिसलं."

मला हसू आवरेना. मग तो पुढे झुकून म्हणाला, "सांगा ना, कोण होतं? मला फक्त एवढंच जाणून घ्यायचंय." कंपनी बुडून वीस वर्षं झाली, त्या सह्यांना आता कोण विचारतो? तरी माझी जीभ उचलली नाही. म्हटलं, "होतं कुणीतरी."

म्हणजे तू त्याला सांगितलं नाहीस. त्याला तुझं नावही ठाऊक नाही, आणि शेवटच्या दिवशी काय झालं तेही नाही. एवढा एक आरोप मी मागे घेतो. बाकीचे राहू देत.

पण मग तू उत्तर का देत नाहीस? ज्याच्या मनात काही नाही तो माणूस दोन पत्रांना उत्तर देतो. मला वाटतं तुला भीती आहे की मी त्या दिवसाबद्दल विचारीन. तर विचारतोच.

शेवटचा भाग, शेवटचं दृश्य. गोदामाच्या अंगणात घार जोरात येणार आणि दिव्याच्या खांबापासून एका वितीवर थांबणार. खांबामागे दिवेवाला उभा. अंगण कोरडं होतं. ब्रेक नवे होते, माझ्या हातचे. तू आलीस, आणि थांबली नाहीस. खांब आडवा झाला आणि दिवेवाल्याचा पाय त्याखाली गेला. तुला सीटमधून ओढून काढलं तेव्हा तुझी बोटं चाकावरून सुटत नव्हती. तू एकच वाक्य म्हणत होतीस, "मी दाबला होता, दादा."

कंपनीची तीन माणसं चौकशीला बसली. मला विचारलं, ब्रेक कसे होते? मी म्हटलं, शाबूत. हे खरं होतं. त्यांनी लिहिलं, चालकाची चूक. यात मी खोटं काय बोललो?

आणि आणखी एक. आदल्या दिवशी चहाच्या टेबलामागे तू आणि दिवेवाला बोलत होता. तू रडत होतीस आणि तो तुझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. मी पाहिलं. मी कुणाला बोललो नाही, चौकशीतही नाही. पण त्या माणसाशी तुझं काहीतरी बिनसलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी तुझा पाय नेमका त्याच्याच समोर चुकला, हे मी एकतीस वर्षं डोक्यात घेऊन बसलोय. तू मुद्दाम केलंस असं म्हणत नाही. मनापासून दाबला नसशील, एवढंच म्हणतो.

हे वाचून राग आला तर रागानं का होईना, पण लिही.

दादा

३ मार्च

बारके,

आज विशेष काही नाही.

सीट काढली. आतला फोम किड्यांनी खाल्लाय. कव्हराच्या आतल्या बाजूला, गळ्यापाशी, तुझी एक केसांची पिन अडकलेली होती. ती पुसून ठेवली आहे.

मागे स्टेपनीच्या खड्ड्यात हात घातला तर लाकडाचे चार ठोकळे मिळाले. दोन बोटं जाडीचे. करवतीनं कापलेत, एकाची कड तिरकी आहे, कारण घाईत माझी करवत सरकली होती. म्हणजे गाडी खरी आहे. ते ठोकळे जगात दुसऱ्या कुठल्या घारीत असू शकत नाहीत आणि ते तिथे का पडलेत हे मी सोडून कुणाला माहीत नाही.

मी डॉक्टरला सांगणार आहे की गाडी खोटी आहे.

का, ते विचारू नकोस. माझं वय झालंय, मला संग्रहालयाची कटकट नको. लोक येणार, फोटो काढणार, प्रश्न विचारणार. भंगारात गेली की सगळ्यांची सुटका. डॉक्टर माणूस चांगला आहे, त्याला थोडं वाईट वाटेल, मग दुसरी कुठली तरी गाडी घेईल.

वहिनी चहा घेऊन आली. म्हणाली, "काय सापडलं?"

"काही नाही."

"मग हात का कापतायत?"

"आत्ताच ग्राइंडर चालवला ना."

"सकाळपासून वीज नाहीये," ती म्हणाली आणि कप ठेवून उभीच राहिली.

ही बाई अलीकडे फार बघते. तू तिला काही लिहितेस का? मला लिहीत नाहीस आणि तिला लिहितेस, असं तर नाही?

दादा

९ मार्च

बारके,

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन फाडली.

शुक्रवारी डॉक्टर यायचा होता. गाडी खोटी आहे हे वाक्य मी आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं होतं. सकाळी वहिनी वर्कशॉपात आली आणि म्हणाली, "मला त्या सीटमध्ये बसवा."

मी म्हटलं, "वेड लागलंय का? बासष्ट वर्षांची तू."

"बासष्ट वर्षांची आहे, पण वजन तेवढंच आहे. तुम्ही तर आत मावणार नाही. बसवा म्हणते ना."

मी नाही म्हणालो. तिनं स्वतःच चप्पल काढली आणि आत शिरायला लागली. शेवटी हात देऊन बसवली. सीट मी नुकतीच बोल्ट कसून जागेवर ठेवली होती, त्या दिवशी होती तशी. कव्हर तिच्या अंगावरून ओढलं. माझी बायको दिसेनाशी झाली आणि समोर नुसती सीट उरली. ब्रेकमध्ये मी नवं तेल भरलं होतं. म्हटलं, आलीच आहेस तर दाब.

आतून आवाज आला, "अहो, हे खाली जातच नाही."

"जोरात दाब."

"जोरातच दाबतेय. थोडं जातं आणि अडतं. खट् करून कशावर तरी बसतं."

मी गुडघे टेकले, टॉर्च धरला आणि खाली वाकून बघितलं. ब्रेकचा लांबवलेला दांडा सीटच्या पुढच्या लोखंडी पट्टीवर टेकला होता. आणि जिथे तो टेकला होता तिथे पट्टीला खड्डा होता. वहिनीच्या पायाचा नव्हे, जुना, गंजलेला. इतकी जाड पट्टी मला हातोड्यानं चेपायची तर चार घाव घालावे लागतील. ती कुणीतरी पायानं चेपली होती. पंचेचाळीस किलोच्या कुणीतरी, पायानं.

आता ठोकळ्यांचं सांगतो. त्या शेवटच्या सकाळी दिग्दर्शक म्हणाला, सीट पडद्यावर फार उंच दिसते, जरा खाली घे. मी सीटखालचे चारही ठोकळे काढले, स्टेपनीच्या खड्ड्यात फेकले आणि सीट दोन बोटं खाली बसवली. पेडल दाबून बघायला हवं होतं. तुला सांगायला तरी हवं होतं. तू तेव्हा कपडे बदलत होतीस, दिग्दर्शक घड्याळ दाखवत होता, मी म्हटलं दोन बोटांनी काय होतंय.

हे मला आज कळलं असं लिहिलं तर तू कदाचित विश्वास ठेवशील. म्हणून तसं लिहीत नाही. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी दात घासताना ते ठोकळे माझ्या डोळ्यांपुढे आले. चौकशी दुसऱ्या दिवशीच उरकली होती. गाडी कंपनीनं कुठेतरी नेऊन टाकली होती. मी जाऊन बघू शकलो असतो. गेलो नाही. बघितलं नाही म्हणजे माहीत नाही, असं मी स्वतःला पढवलं. आणि तू बॅग घेऊन निघालीस तेव्हा मी बाकावर वाकून पत्रा ठोकत राहिलो. त्या दिवशी ठोकायला काही काम नव्हतं. रिकामाच पत्रा होता.

मग मला संशय यायला लागले. तुझे आणि दिवेवाल्याचे, तुझ्या पायाचे, तुझ्या मनाचे. एकेक संशय मी नीट घासूनपुसून ठेवला. त्यातला एक जरी खरा निघाला असता तर माझे चार ठोकळे सुटले असते.

मला लाज वाटते, बारके. दुसरा शब्द सापडत नाही.

दादा

१६ मार्च

बारके,

आता हसू नकोस. किंवा हस.

डॉक्टरच्या दाखल्यासाठी जाड पाकीट हवं होतं. वहिनी बाजारात गेली होती, म्हणून तिचा खण उघडला. पाकिटं होती. त्यांच्याखाली माझी चार पत्रं होती. तुझ्या नावाची. फोडलेली, वाचलेली, परत घडी घालून तारखेप्रमाणे लावलेली. एकावरही तिकीट नव्हतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. दीड महिना मी तुझ्या गप्प बसण्याचे अर्थ लावत होतो आणि तुला पत्रच गेलेलं नव्हतं! पहिल्या दिवसापासून मी डॉक्टरवर संशय घेतला, तुझ्यावर घेतला, पोस्टावर घेतला, आणि जिच्या हातात पाकीट देत होतो तिच्यावर घ्यायचा तेवढाच कमी पडला.

वहिनी परत आली तशी पत्रं तिच्यापुढे टाकली. ती जरासुद्धा दचकली नाही. पिशवी ठेवली, पाणी प्यायली, मग म्हणाली, "पहिलं वाचलं. पाठवण्यासारखं नव्हतं. दुसरं, तिसरंही नव्हतं. एकतीस वर्षांनी भावाचं पत्र यावं आणि त्यात हे असावं? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! चौथ्यात तुम्ही ठोकळ्यांचं लिहिलंत, तेव्हा म्हटलं आता हे जवळ आले. म्हणून तर सीटमध्ये बसले."

"आणि पाचवं?"

तिनं पर्स उघडून पाचवं पत्र दाखवलं. त्यावर तिकीट लावलेलं होतं. "उद्या टाकणार होते," ती म्हणाली.

मग तिनं बाकीचंही सांगितलं. तुम्ही दोघी इतकी वर्षं एकमेकींना लिहिताय, वर्षातून दोनदा, हिच्या बहिणीच्या पत्त्यावर. म्हणजे माझा एक संशय तरी खरा होता, पण त्याचा आनंद झाला नाही. दिवेवाल्याच्या घरी तू जाऊन आलीस आणि त्यानं तुला कधी बोल लावला नाही. चहाच्या टेबलामागे तू रडत होतीस ती कंपनीनं शेवटच्या भागातही नावं दाखवताना तुझं नाव घालायला नकार दिला म्हणून, आणि तो बिचारा तुझी समजूत काढत होता. मी हे सगळं तेव्हा विचारलं असतं तर कळलं असतं. विचारायला मला सवड नव्हती, संशय घ्यायला होती.

पण बाकी सगळं एकीकडे आणि हे एकीकडे. वहिनी म्हणाली, त्या दिवसानंतर तू स्टिअरिंगला हात लावलेला नाहीस. बसनं जातेस, नाहीतर चालत. तिनं एकदा तुला लिहून विचारलं होतं, तर तू लिहिलं होतंस, "दादा म्हणतो ब्रेक शाबूत होते. दादाच्या कामात चूक होत नाही. म्हणजे माझाच पाय चुकला. तो परत कुणासमोर चुकायला नको."

ते पत्र वहिनीनं मला वाचायला दिलं. मी वर्कशॉपात जाऊन बसलो, शटर खाली ओढलं आणि रडलो. तू माझ्यावर एकदाही संशय घेतला नाहीस. घेतला असतास तर गाडी चालवत राहिली असतीस.

डॉक्टरला दाखला दिला. त्याची नक्कल सोबत ठेवतो, पण थोडक्यात इथेही सांगतो. गाडी खरी आहे. पुरावा म्हणून चार ठोकळे, त्यातल्या एकाची कड तिरकी, आणि सीटच्या पट्टीला पडलेला खड्डा. ठोकळे कुणी काढले, कधी, आणि कुणाला न सांगता, ते लिहिलंय. ब्रेक शाबूत होता पण पेडल खाली जाऊ शकत नव्हतं, तेही. मग एक ओळ, चालक, आणि तिच्यापुढे तुझं पूर्ण नाव, शाळेच्या दाखल्यावर होतं तसं. खाली माझी सही.

डॉक्टरनं ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता विचारणार, तुम्ही असं कसं केलंत. तो म्हणाला, "म्हणजे श्वास त्या घेत होत्या." मग म्हणाला की गाडीशेजारच्या पाटीवर हे सगळं जसंच्या तसं लागेल. मी म्हटलं, लावा. लोक मला काय म्हणतील ते म्हणोत, हिरव्या रंगाला नावं ठेवू नका म्हणजे झालं, तो मी परत मारणार आहे.

आता या पाकिटाबद्दल. वहिनी म्हणाली, पाचवं एकटंच पाठवा, आधीची चार चुलीत घाला. मी नाही म्हटलं. पाचवं एकटं वाचलंस तर मी तुला भला माणूस वाटेन, आणि तसं तुला एकतीस वर्षं वाटतच आलंय. त्यानंच घात केला. म्हणून सगळी पाठवतोय, तारखेप्रमाणे. पहिली तीन वाचताना चिडशील, चीड. आणि यावेळी पोस्टाचा जिना मी स्वतः चढणार आहे. वहिनीवर अविश्वास आहे म्हणून नव्हे. तसा थोडा आहेच, पण मुख्य कारण ते नाही.

गाडी महिनाअखेरपर्यंत माझ्याकडे आहे. ठोकळे परत जागेवर बसवलेत. वहिनीला पुन्हा आत बसवून दाबायला लावलं, पेडल तळाला टेकतं. डावा डोळा अजून उशिरा उघडतो. अंगण मोकळं आहे, मधे कुणीही उभं राहणार नाही. उभं राहायचंच झालं तर मी राहीन, तू म्हणशील तितक्या वितींवर. यायचं की नाही ते तू ठरव.

वर आशीर्वाद याही वेळी लिहिलेला नाही. आता तो मी तुला द्यायचा की तुझ्याकडे मागायचा, ते मला ठरवता आलं नाही.

तू ब्रेक दाबला होतास, बारके. वेळेवर दाबला होतास.

दादा